अकरा हजार खिशातच ठेवा, आधी मीटर आणा

काका, माझी २००९ सालची पेट्रोल गाडी आहे. २०२२ मध्ये इथे चिपळुणातच सेकंडहँड घेतली. ८६ हजार किलोमीटर झालेत. जूनपासून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर मध्येच हिसके देते. बहादूरशेख नाक्यावर ट्रॅफिकमध्ये उभी असताना कधी आपोआप रेस वाढते, कधी बंद पडेल असं वाटतं. चेक इंजिनचा दिवा लागतो, दोन दिवसांनी आपला आपण जातो. प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, चार हजार गेले, फरक शून्य. आता गॅरेजवाले म्हणतात, 'टीपीएस गेलाय, अख्खी थ्रॉटल बॉडीच बदला.' अकरा हजार सांगितलेत. दर शनिवारी कराडला आईकडे जाते, कुंभार्ली घाट लागतो, म्हणून धास्ती वाटते. बदलून टाकू का?
एक शिक्षिका, चिपळूण

ता.क. स्कॅनरवर आलेला कोड त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलाय: पी ०१२३. आणि हो, हिसका बसतो तेव्हा बऱ्याचदा एसीची हवाही गरम होते आणि थोड्या वेळाने परत गार येते. गॅस भरायला हवा का, तेही सांगा.

ताई,

माझ्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक पंधरा मिनिटं बोलायचं आणि निघताना, चावी माझ्या हातावर ठेवता ठेवता, 'आणि हो...' म्हणायचं. त्या 'आणि हो'साठी मी कान टवकारून बसायचो. तुमच्या ता.क.नं मला तेच दिवस आठवले. एसीचा गॅस भरू नका, त्याला काही झालेलं नाही. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप असते तो भाग, तीही अजून बदलू नका. टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, तुमचा पाय किती दाबलाय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा. तो गेलेला असेलही, पण तुमच्या ता.क.तल्या दोन्ही गोष्टी माझं बोट सेन्सरकडे नाही, त्याच्या वायरीकडे वळवतात. का, ते सांगतो.

आपल्याकडे जुने रेडिओ असायचे, आवाजाची गोल खुंटी असलेले. काही वर्षांनी ती फिरवली की एका ठरावीक जागी 'खर्रर्र' व्हायचं. आत काळ्या कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक बारीक पितळी जीभ सरकते. घरात रोज ज्या आवाजावर रेडिओ ऐकायचा, नेमकी तिथेच पट्टी झिजायची. तुमच्या गाडीच्या काळातला, तारेच्या ॲक्सिलरेटरवरचा टीपीएस म्हणजे हीच खुंटी, फक्त फिरवणारा तुमचा पाय. इंजिनात हवा सोडणारी जी गोल झडप असते, तिच्या दांड्याच्या टोकाला तो बसवलेला असतो. तीन वायरी येतात: एकीवर कॉम्प्युटर पाच व्होल्ट पाठवतो, एक अर्थिंगची (तिला आम्ही नुसतं 'अर्थ' म्हणतो), आणि तिसरी उत्तर परत नेते. पाय पूर्ण वर असेल तर उत्तर साधारण अर्धा ते पाऊण व्होल्ट, पूर्ण दाबला की चार-साडेचार. मधला प्रवास सलग. कॉम्प्युटरला तुमचा पाय दिसत नाही, त्याला हा आकडा दिसतो. आकडा एकदम वर गेला की तो समजतो बाईंनी रेस दिली आणि पेट्रोल वाढवतो. खाली पडला की समजतो पाय काढला, आणि इंजिन वेगात असेल तर पेट्रोल तोडतो. पाय जागचा हललेला नसताना आकडा नाचला, की तुम्हाला हिसका बसतो.

आता ती चिठ्ठी. पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी ०१२३ म्हणजे फार वर. तुमचा वरचा आहे. आणि एसी? बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरनं पूर्ण रेस दिली की कॉम्प्युटर थोडा वेळ एसीचा कॉम्प्रेसर सोडून देतो, सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून. तुम्ही तिसऱ्या गिअरवर शांतपणे चाळीसने चाललाय आणि कॉम्प्युटरची समजूत अशी, की तुम्ही पाय जमिनीला टेकवलाय. म्हणून हिसका आणि गरम हवा एकदमच येतात. एकाच खोट्या आकड्याची ही दोन पोरं.

आकडा वर उडतो कधी? अर्थची वायर तुटली किंवा ढिली झाली की. पाच व्होल्ट आत येतायत, पण खाली जायला वाटच नाही, मग तो सगळा दाब उत्तराच्या वायरीवर दिसतो. पट्टी झिजली असती तर जीभ क्षणभर अधांतरी राहते आणि बऱ्याच गाड्यांत आकडा खाली पडतो. 'बऱ्याच' म्हणतोय, सगळ्या नाही, म्हणून नुसत्या माझ्या तर्कावर जाऊ नका. पण जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, दुखणं सुरू झालं हे तुम्हीच लिहिलंय. पट्टीची झीज पंचांग बघून होत नाही.

कोड आरोपीचं नाव सांगत नाही, गल्ली सांगतो. त्या गल्लीत सेन्सर राहतो, वायरी सेन्सरला जोडणारा कपलर राहतो, तीन वायरी राहतात आणि शेवटच्या घरात कॉम्प्युटर राहतो. गॅरेजवाल्यानं गल्ली वाचली आणि पहिलं घर पकडलं. त्याला मी चोर म्हणणार नाही. त्याला दिवसाला सहा गाड्या सोडायच्या असतात आणि वायर शोधत बसायचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

आणि मी तरी कोण लागून गेलो? एका किराणा दुकानदाराच्या गाडीला मी असाच कोड वाचून नवा सेन्सर लावला होता. गाडी लोण्यासारखी चालली. त्यानं पेढे आणून दिले. नवव्या दिवशी गाडी परत दारात, तसेच हिसके. कपलर उघडला तर अर्थच्या पिनेत हिरवा कळंक. नवा सेन्सर लावताना मी कपलर काढून परत बसवला, त्या घासण्यानं पिन थोडी उजळली आणि आठ दिवस कामाला आली. श्रेय मिळालं नव्या सेन्सरला. मजुरी परत दिली. पेढे तेवढे पोटात गेलेले. तेव्हापासून, भाग बदलल्यावर गाडी सुधारली म्हणजे भागच खराब होता, यावर माझा विश्वास उरलेला नाही.

तेव्हा रविवारी सकाळी पाऊस नसताना अर्धा तास काढा. पाचशे रुपयांच्या आत साधा मल्टिमीटर मिळतो. शाळेच्या प्रयोगशाळेत सुईचा व्होल्टमीटर पडून असेल आणि तो दहा व्होल्टपर्यंतचा असेल, तर मुख्याध्यापकांना विचारून तोच आणा, का ते पुढे सांगतो. शिवणाच्या दोन बारीक सुया किंवा टाचण्या, जुना टूथब्रश आणि पाय दाबायला घरातलं एखादं माणूस. एक वस्तू मात्र नको: बल्ब लावलेला टेस्टर. जुने वायरमन तो कुठेही लावतात, पण तो बल्ब वीज फार ओढतो आणि कॉम्प्युटरच्या नाजूक वायरीवर लावायची चीज नव्हे.

गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चावी बंद. बॉनेट उघडल्यावर एअर फिल्टरच्या डब्यातून जाड रबरी नळी इंजिनकडे जाते, तिच्या टोकाला ॲल्युमिनियमचं धूड दिसेल. ती थ्रॉटल बॉडी. एका बाजूला ॲक्सिलरेटरची केबल एका चकतीला अडकवलेली, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दोन स्क्रूंनी बसवलेली काळी प्लॅस्टिकची डबी, तीन वायरींची. हाच तो. शेजारी अजून एक कपलर असतो, तो स्लो-स्पीड, म्हणजे पाय वर असतानाची इंजिनची चाल, सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हचा. दोघांची गल्लत करू नका. नाक्यावर रेस आपोआप कमीजास्त होते त्यात त्या व्हॉल्व्हचाही हात असू शकतो, पण टीपीएस खोटं बोलत असेल तर त्या बिचाऱ्याला पाय वर आहे हेच कळत नाही. म्हणून क्रम आधी टीपीएसचा.

कपलर काढताना खटका दाबा आणि प्लॅस्टिकला धरून ओढा, वायरींना नाही. आत बघा. तांब्या-पितळेच्या भांड्यावर येतो तसा हिरवा कळंक, पाण्याचा थेंब, आत दबलेली पिन, तुटलेलं रबरी सील. वायरीवर उंदराचे दात आहेत का तेही पाहा. पावसात ऊब शोधत ते बॉनेटखाली येतात आणि तुमच्या भागात भातखाचरं पाण्यानं भरली की सगळे आपल्याच घराकडे वळतात. एकेक वायर बोटानं हलकेच ताणा. वरचं प्लॅस्टिक शाबूत आणि आत तांबं तुटलेलं असेल तर ती वायर रबरासारखी लांबते.

आता चावी ऑन करा, इंजिन मात्र सुरू करायचं नाही. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या खुणेवर. काळी तार बॅटरीच्या मायनसला, लाल तार काढलेल्या कपलरच्या पिनांना, एकेक करून. एकीवर पाच व्होल्ट दिसायला हवेत, ४.८ ते ५.२ चाललं. पाच दिसलेच नाहीत तर लगेच कॉम्प्युटर गेला म्हणून डोक्याला हात लावू नका. तेच पाच व्होल्ट बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या सेन्सरलाही जातात आणि तो आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे पाच खाऊन टाकतो. त्यांचे कपलर एकेक काढून पाहा, पाच परत येतात का. पण तुमच्या बाबतीत पाच मिळतील असं मला वाटतं, तेव्हा पुढे चला.

चावी बंद. कपलर परत बसवा. आता खरी परीक्षा, आणि ती कपलर जोडलेला असतानाच घ्यायची. मीटर इतकी थोडी वीज ओढतो की एकाच तांब्याच्या तारेवर तग धरलेली वायरही त्याला ठणठणीत वाटते. कपलरच्या मागच्या बाजूनं, वायर जिथून आत शिरते तिथे रबराच्या कडेनं टाचणी आत सरकवा, पिनेला टेकेपर्यंत. वायरीच्या पोटात टाचणी खुपसायची नाही. ते भोक तुम्हाला दिसणार नाही, पण पावसाला दिसतं आणि दोन वर्षांनी तीच वायर आतून कुजते. दोन टाचण्या एकमेकींना शिवणार नाहीत याची काळजी घ्या. चावी ऑन.

पहिली टाचणी अर्थच्या वायरीवर, म्हणजे पाच व्होल्टची सोडून उरलेल्या दोघींपैकी जिचा आकडा पाय दाबल्यावर चढत नाही तिच्यावर. मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसवरच. आकडा जवळजवळ शून्य हवा, फार तर ०.०५ किंवा ०.१. इथेच ०.३-०.४ दिसले तर माझं पेढ्यांचं प्रकरण तुमच्याकडेही घडलंय असं समजा.

दुसरी टाचणी उत्तराच्या वायरीवर. पाय वर असताना अर्धा ते पाऊण, एखाद्या गाडीत नऊ दशांश. मग आत बसलेल्या माणसाला सांगा, मनात दहा आकडे मोजत पाय पूर्ण दाब, आणि तसेच दहा मोजत सोड. सुई कुंभार्ली चढल्यासारखी चढली पाहिजे, वळणं नसलेला कुंभार्ली. मध्ये एका जागी सुई गचकन खाली किंवा वर गेली आणि दर खेपेला पायाच्या त्याच जागी गेली, तर पट्टी झिजली आहे आणि सेन्सर खरोखर गेला आहे. ही जागा बहुधा सुरुवातीच्या थोड्याशा दाबावरच सापडते, कारण रोज गावात तुमचा पाय तिथेच असतो. सुईचा मीटर यासाठीच मागितला: आकड्यांचा साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच डोळे उघडतो, मधली उचकी त्याला दिसतच नाही. तुमच्याकडे आकड्यांचाच असेल तर पाय अजून हळू, वीस मोजत.

आणि आता माझा आवडता भाग. पाय वर, मीटरवर समजा ०.६ आहे. दुसऱ्या हातानं कपलर हलवा, वायरींचा जुडगा हलवा, तो बॅटरीच्या खालून जातो तिथे, बॉडीला चिकटतो तिथे, थोडं थोडं पुढे सरकत. सेन्सरला हात लावायचा नाही. एखाद्या जागी ०.६ चे एकदम ४.९ झाले तर तिथेच थांबा. तुमचे अकरा हजार त्या चार इंचांत आहेत. काहीच झालं नाही तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सेन्सरवर हलक्या टिचक्या मारा, आणि मग इंजिन पंधरा मिनिटं चालवून गरम झाल्यावर तेच सगळं पुन्हा करा. काही जोड गार असताना सज्जन असतात.

कळंक सापडला तर चावी बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि टूथब्रश, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. सँडपेपर पिनांवर नको, वरचा मुलामा जातो. सँडपेपर लागतो तो दुसरीकडे: बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या जाड अर्थच्या पट्ट्यांचे बोल्ट. बॅटरीचा मायनस काढा, बोल्ट खोला, लोखंड चकाकेपर्यंत घासा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली. सेन्सरचा अर्थ कॉम्प्युटरमधून फिरून शेवटी तिथेच येतो. बॅटरी परत जोडल्यावर थोडा वेळ स्लो-स्पीड वेडावाकडा राहिला तर घाबरू नका, कॉम्प्युटर नव्यानं शिकत असतो.

सेन्सरच गेल्याचं निघालं तरी थ्रॉटल बॉडी घेऊ नका. दोन स्क्रूंवर बसलेला सेन्सर सुटा मागा. 'सुटा येत नाही' म्हणाले तर जुन्या भागावरचा नंबर टिपून घ्या आणि कोल्हापूर किंवा पुण्याच्या स्पेअर पार्टवाल्याला फोन करा. बसवताना भोकं लांबट असतील तर स्क्रू आवळण्याआधी सेन्सर जरा फिरवून पाय वर असतानाचा आकडा कंपनीनं दिलेल्या आकड्यावर आणावा लागतो. थ्रॉटल बॉडीवर एक बारीक स्क्रू असतो, बहुतेकदा रंगाचा ठिपका लावलेला, झडप किती मिटावी ते ठरवणारा. त्याला कुणी हात लावला आहे का, ठिपका फुटला आहे का, तेवढं बघा. गाडी बंद पडते म्हणून तो स्क्रू फिरवून रेस वाढवायची ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. झडप उघडी राहते, आकडा वर चढतो आणि पाय वर आहे हे कॉम्प्युटरला कधी कळतच नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. गाडी २०२२ मध्ये चिपळुणात घेतलीत. त्याच्या आदल्या वर्षी २२ जुलैच्या पुरात वाशिष्ठी नदी कुठपर्यंत आली होती ते मी तुम्हाला सांगायला नको. गाडी त्या दिवशी कुठे उभी होती हे विकणाऱ्याला विचारलं होतंत का? तुम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही. पण एकदा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, चिखलाची रेघ दिसते का. सीटखालच्या पट्ट्या गंजल्यात का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ वाळलाय का, गालिचा उचलल्यावर कसा वास येतो. कॉम्प्युटर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या खाली, पायांजवळ असतो, त्याच्या कपलरमध्येही डोकवा. गाळ सापडला तर टीपीएसच्या कपलरवर थांबू नका. वायरमनला दिवसभर बसवून सगळे जोड उघडून साफ करून घ्या, नाहीतर या पावसात हा, पुढच्या पावसात दुसरा.

हे वाचून नव्या गाडीवाल्यांनी टाचण्या घेऊन बॉनेट उघडू नये. ज्या गाड्यांत केबलच नाही, तिथे झडप मोटर उघडते, सेन्सर दोन असतात, पेडलमध्ये आणखी दोन, आणि कॉम्प्युटर त्यांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहतो. जुळली नाही की पी २१३५ टाकतो आणि गाडी रांगायला लावतो. तिथे सेन्सर सहसा सुटा मिळत नाही, आणि चावी ऑन असताना झडपेत बोट घातलंत तर मोटर बोट सोडत नाही. तिथे चांगला स्कॅनर असलेला माणूस बघा.

तोवर शनिवारी कराडला एसटीनं जा. घाटात ट्रक ओलांडताना पाय दाबलेला असावा आणि कॉम्प्युटरनं नेमका त्याच क्षणी घोळ घालावा, ही वेळ नको. आईला सांगा, गाडी दवाखान्यात आहे.

रविवारी संध्याकाळी मला तीन आकडे पाठवा: अर्थच्या वायरीवर किती, पाय वर असताना उत्तराच्या वायरीवर किती, पूर्ण दाबल्यावर किती. आणि जुडगा हलवताना सुई कुठे उडाली ते. कपलरचा उघडा फोटो काढता आला तर फ्लॅश लावून काढा, हिरवं नीट दिसतं.